वाळूच्या कणाचं वय आणि दगडाचं वय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मागच्या डिसेंबरात आम्ही भोपाळ, सांची, भीमबेटका अशी फॅमिली ट्रिप केली. भीमबेटकाला कुणीतरी सांगितलं की हा दगड 100 कोटी वर्षांचा आहे, रात्री हॉटेलवर मोबाईलमध्ये वाचलं तर तिथे 55 कोटी. माझा प्रश्न भाबडा वाटेल, पण हा दगड वाळूचाच ना? म्हणजे वाळू आधीच कुठूनतरी आलेली. मग वय काढतात ते वाळूचं की दगडाचं? आणि एकाच दगडाची दोन वयं कशी काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भाबडा कसला, तुम्ही अगदी मुळावरच बोट ठेवलंय, आणि मला आलेल्या पत्रांत हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जुना वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब, तुळया, दारं विकत घेऊन लोक नवीन बंगल्यात बसवतात. आता तो खांब दीडशे वर्षांचा आहे म्हणून बंगला दीडशे वर्षांचा होत नाही, बरोबर? वाळूचा दगड म्हणजे असाच, सगळा जुन्या मालातून बांधलेला बंगला. कुठलातरी डोंगर झिजला, नदीने त्याचा चुरा वाहून आणला, समुद्राच्या उथळ पाण्यात तो साठला, दबला, घट्ट झाला. त्यातल्या प्रत्येक कणाचं वय हे त्या जुन्या डोंगराचं वय आहे, दगड बनला त्या दिवसाचं नाही. पण समजा त्याच बंगल्याच्या भिंतीत, पक्की बसवलेली, 1995 साली बनलेली एक टाईल सापडली, तर बंगला 1995 च्या आधीचा असूच शकत नाही हे मात्र छातीठोक सांगता येतं. वाळूच्या दगडात शंभरेक कणांची वयं काढतात ती ह्या टाईलसाठी, म्हणजे सगळ्यात तरुण कण शोधायला. दगड त्या कणापेक्षा जुना नाही, एवढंच त्यातून कळतं. किती तरुण आहे ते कळत नाही, आणि सगळे वाद इथूनच सुरू होतात.

हे वय ज्याच्यावरून काढतात तो कण बहुतेक वेळा झिरकॉनचा असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पण चिवट, दोन-तीनदा डोंगर झाला आणि झिजला तरी टिकून राहणारा. तापलेल्या शिलारसात हा स्फटिक बनताना थोडं युरेनियम आत घेतो कारण ते झिर्कोनियमच्या जागी बसतं, पण शिसं त्याच्या जाळीत बसत नाही म्हणून ते बाहेरच राहतं. त्यामुळे आज त्या कणात जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं नंतर युरेनियमपासूनच झालेलं असतं, आणि ते मोजलं की वय मिळतं. युरेनियमची दोन घड्याळं एकाच कणात चालू असतात ही तर सगळ्यात छान गोष्ट आहे. युरेनियम-238 निम्मं व्हायला 446.8 कोटी वर्षं लागतात, युरेनियम-235 ला फक्त 70.4 कोटी. म्हणजे 100 कोटी वर्षांच्या कणात पहिल्याचे 100 पैकी साधारण 14 अणू शिसं झालेले असणार आणि दुसऱ्याचे 63. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ सांगितली तर कण विश्वासाचा, नाही सांगितली तर मधे कधीतरी शिसं गळालंय असं समजायचं आणि त्या कणाला सांभाळून वापरायचं.

कण आणि दगड यांच्या वयात किती अंतर पडू शकतं बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स म्हणून टेकड्या आहेत, तिथला गोट्या-वाळूचा दगड साधारण 300 कोटी वर्षांपूर्वी साठलेला, पण त्यातला एक झिरकॉन 440.4 कोटी वर्षांचा निघाला, 2001 साली तो जाहीर झाला, पृथ्वी स्वतःच साधारण 455 कोटी वर्षांची. ज्या खडकात तो कण जन्मला तो खडक कधीच नाहीसा झालाय, त्याचा पुरावा म्हणून हा कण तेवढा उरलाय. मला तरी ह्या गोष्टीचं आजही तितकंच अप्रूप वाटतं जितकं कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं.

आता भीमबेटका. (विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 साली ह्या गुहा जगासमोर आणल्या हे तुम्हाला तिथे सांगितलं असेलच.) मध्य भारतात एकावर एक साठलेल्या जुन्या थरांना विंध्य खडक म्हणतात, हा दगड त्यांच्या सगळ्यात वरच्या भागातला, भांडेर गटातला. 2020 साली दिल्लीत भूशास्त्राची जागतिक परिषद होणार होती, ती कोविडमुळे पुढे गेली, पण त्याआधी आलेले काही पाहुणे शास्त्रज्ञ भीमबेटका बघायला गेले आणि तिथल्या ऑडिटोरियम गुहेत वर दगडावर त्यांना पानासारखा, मधोमध शीर असलेला एक ठसा दिसला. तो डिकिन्सोनिया नावाच्या फार जुन्या प्राण्याचा जीवाश्म आहे असं 2021 साली ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं. डिकिन्सोनिया ऑस्ट्रेलियात, रशियात सापडतो तो साधारण 55 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, म्हणून हा दगडही तेवढाच, असा हिशोब. तुम्ही मोबाईलवर वाचलं ते हेच.

पुढे फ्लोरिडा विद्यापीठातल्या जोसेफ मीर्ट यांची टीम तिथे गेली, ह्यांनी विंध्य खडकांवर आधीपासून बरंच काम केलेलं, तर त्यांना दिसलं की तो 'जीवाश्म' दगडावरून सुटून गळायला लागलाय. दगडातला ठसा दोन-तीन वर्षांत असा सोलून निघत नाही. जवळच मधमाश्यांची मोहोळं होती आणि ठसा म्हणजे अशाच एका जुन्या पोळ्याचं दगडाला चिकटून राहिलेलं मेण होतं. 2023 मध्ये हे छापून आलं, आणि रिटॅलॅक यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली. ह्याबद्दल मला त्यांचा खरंच आदर वाटतो, कारण आपलाच गाजलेला शोध मागे घेणं सोपं नसतं.

जीवाश्म गेला, मग वय काय राहिलं? भांडेर गटाच्या वरच्या भागातल्या झिरकॉनची वयं मीर्ट यांच्या गटाने 2008 सालीच काढली होती आणि तिथे तरुण कणांचा गठ्ठा साधारण 102 कोटींवर थांबतो. पण परत बंगल्याची टाईल आठवा. 102 कोटींचा कण एवढंच सांगतो की दगड त्याहून जुना नाही. नुसत्या झिरकॉनच्या जोरावर 55 कोटी खोटं ठरवता येत नाही, हे पेपरवाल्यांनी छापताना बहुतेक सगळ्यांनी सोडून दिलं. 100 कोटींच्या बाजूने जे वजन पडतं ते दुसऱ्या पुराव्याचं आहे. पन्नाजवळ मझगवाँला हिऱ्यांची खाण आहे, तिथला हिरे वर आणणारा ज्वालामुखी खडक भांडेरच्या खाली असलेल्या कैमूर गटाला भेदून वर आलाय आणि त्याचं वय 107 कोटींच्या आसपास. भेदणारा नंतरचा आणि भेदला गेलेला आधीचा, म्हणजे कैमूर त्याहून जुना. आणि त्या भेदणाऱ्या खडकात गोठलेली पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आणि वरच्या भांडेर थरांतली दिशा खूपच जुळते (भूखंड सरकतात तशी ही दिशा काळाप्रमाणे बदलत जाते), म्हणजे दोघांच्या काळात फार मोठं अंतर नसावं. वरून एक, खालून एक आणि बाजूने एक असे तीन धागे मिळून साधारण 100 कोटी हा आकडा येतो. काही ठिकाणच्या भांडेर थरांतून याहून तरुण कणही नोंदवले गेलेत त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही, पण तुम्ही मला आज विचारलंत तर मी 100 कोटींच्या बाजूने उभा आहे.

प्रश्न : मी बीएस्सी जिऑलॉजीला आहे. झिरकॉन डेटिंग पुस्तकात दोन ओळींत उरकलंय. दगडातून कण बाहेर कसे काढतात, आणि किती कणांचं वय काढलं म्हणजे पुरे? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : हे काम हाताने केल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही रे, मी विद्यार्थी असताना सुई आणि मायक्रोस्कोप घेऊन कण वेचण्यात आठवडेच्या आठवडे घालवलेत आणि मान दुखायची तरी उठावंसं वाटायचं नाही.

दोन-चार किलो ताजा, न कुजलेला दगड घ्यायचा. क्रशरमधून काढायचा, चाळायचा, मग पाण्याच्या टेबलावर हलवत हलवत हलका माल वाहून घालवायचा, आपल्याकडे सुपात पाखडतात तोच न्याय, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. मग मॅग्नेट फिरवून लोखंडी कण काढायचे, मग जड द्रावणात टाकायचं. मिथिलीन आयोडाइडची घनता साधारण 3.3, क्वार्ट्झ 2.65 म्हणून तरंगतं, झिरकॉन 4.6 च्या वर म्हणून तळाला जातो. (ही द्रावणं विषारी असतात, फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायचीसुद्धा नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.) तळाला गेलेले कण इपॉक्सीच्या चकतीत बसवायचे, अर्धे घासून पॉलिश करायचे आणि इलेक्ट्रॉनचा झोत टाकून फोटो काढायचे, त्यात कणाच्या आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. ही पायरी कधीही गाळू नकोस. बऱ्याच कणांच्या पोटात जुना गाभा असतो आणि त्याच्यावर नंतरचं कवच, लेझर जर दोघांच्या सीमेवर पडला तर जे वय येईल ते दोन्हीपैकी कुणाचंच नसतं, नुसती सरासरी, निसर्गात जे कधी घडलंच नाही त्याचं वय. लेझरचा ठिपका 20 ते 35 मायक्रॉनचा असतो, त्याने उडालेली वाफ थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) जाते आणि एका कणाचं काम मिनिटभरात संपतं.

किती कण? 2004 साली पीटर वर्मीश यांनी गणित मांडलं की 117 कण मोजले तर वाळूत निदान 5 टक्के असलेला कुठलाही वयोगट सुटला नाही याची 95 टक्के खात्री देता येते, तेव्हापासून हा 117 आकडा सगळ्यांच्या तोंडी बसलाय. पण लक्षात घे, वेचताना तू जर फक्त मोठे, स्वच्छ, सुंदर कण घेतलेस तर 117 काय 500 घेऊनही उत्तर वाकडंच येईल. हाताला येतील तसे घ्यायचे.

आणि सगळ्यात तरुण असा एकटादुकटा कण निघाला तर हुरळून जायचं नाही. शिसं गळालेला कण खोटा तरुण दिसतो, लॅबमध्ये दुसऱ्या सॅम्पलचा कण मिसळलेला असू शकतो. बंगल्याची ती टाईल नंतर रिपेअरिंगमध्ये बसवलेली असेल तर? म्हणून निदान दोन-तीन कणांची वयं मोजमापातल्या संभाव्य चुकीची मर्यादा धरून एकमेकांशी जुळली तरच तो गट धरायचा, कितीतरी जण अजूनही एका कणावर पेपर लिहितात आणि ते मला पटत नाही.

प्रश्न : सरळ कार्बन डेटिंग का करत नाहीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कार्बन-14 निम्मा व्हायला फक्त 5730 वर्षं लागतात, साधारण 50,000 वर्षांनंतर मोजण्यासारखं काही उरतच नाही, आणि तो लागतो कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूत, लाकूड, हाड, कोळसा अशा. खडकांच्या कामाला ते घड्याळ फार छोटं पडतं.

प्रश्न : दगडाचं वय दहा-वीस कोटी इकडचं तिकडं झालं तर कुणाचं काय बिघडतं हो? एवढा खर्च कशासाठी? (एक निवृत्त शिक्षक, इंदूर)

उत्तर : सर, तुमच्याच राज्यातली गोष्ट सांगतो. सोन नदीच्या खोऱ्यात, सीधी जिल्ह्यात चुरहट गाव आहे, तिथला वाळूचा दगड विंध्यच्या खालच्या भागातला, भीमबेटकाच्या कितीतरी खाली. 1998 साली झायलाखर, बोस आणि फ्ल्यूगर या तिघांनी त्या दगडावरच्या वळणावळणाच्या खुणा अळ्यांसारख्या प्राण्यांनी केलेल्या आहेत असं लिहिलं. दगडाचं वय तेव्हा धरलं होतं 110 कोटी. प्राण्यांचे नक्की म्हणता येतील असे पुरावे 60 कोटींच्या अलीकडचेच आहेत, म्हणजे हे एका झटक्यात दुप्पट मागे गेलं, जगभर खळबळ. त्याच वर्षी त्याच खोऱ्यातल्या चुनखडीत एकदम उलटं, 54 कोटींच्या आसपासच्या शंखांसारखे जीवाश्म सापडल्याचा दावा आला. म्हणजे एकाच खोऱ्यातला खडकांचा एकच संच, आणि त्याच्या वयाच्या दोन दाव्यांत निम्म्याने फरक!

110 कोटी आलं कुठून तर बरंचसं ग्लॉकोनाइटवरून. हे हिरवट खनिज समुद्राच्या तळाशी, वाळू साठत असतानाच बनतं, म्हणजे ते परक्या डोंगराचं वय न सांगता थर साठला तेव्हाचं वय सांगेल अशी आशा असते, आणि त्यात पोटॅशियम भरपूर म्हणून पोटॅशियम-आर्गॉनचं घड्याळ लागतं (थोडं पोटॅशियम हळूहळू आर्गॉन होतं, तो मोजायचा). पण आर्गॉन हा वायू, खडक थोडा जरी तापला तरी निसटतो आणि वय कमी येतं. मग 2002 साली दोन वेगवेगळ्या टीमनी त्या थरांमधली ज्वालामुखीची राख शोधली. ही राख हवेतून पडते आणि तिच्यातला झिरकॉन उद्रेकाच्या जरासाच आधी बनलेला असतो, म्हणजे कणाचं वय आणि थराचं वय एकच, वाड्याच्या जुन्या खांबाची भानगडच नाही. दोन्ही टीमचं उत्तर जवळपास एकच आलं, 163 कोटी. चुरहटचा दगड 110 नाही, 160 कोटींच्या घरातला निघाला, आणि 54 कोटींचा दावा तर कुठच्या कुठे गेला.

आता त्या खुणा 160 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या मानायच्या तर जीवसृष्टीचा सगळाच इतिहास उलटा करावा लागतो, म्हणून आज बहुतेक अभ्यासक त्या खुणा प्राण्यांच्या मानत नाहीत, चिकट सूक्ष्मजीवांच्या थराला सुरकुत्या आणि भेगा पडून त्या झाल्या असं मानतात. खुणा त्याच आहेत सर, दगडही तोच आहे, फक्त वय बदललं आणि प्राणी पहिल्यांदा कधी आले ह्याचं उत्तर बदललं. मला वाटतं एवढ्यासाठी खर्च करावा.

प्रश्न : आम्ही ट्रेकर मंडळी. घाटात कड्यांमध्ये काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल पट्टे दिसतात. बेसॉल्टमध्ये झिरकॉन नसतो असं ऐकलंय, मग सह्याद्रीचं वय कसं काढलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बरोबर ऐकलंय, बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या ह्या काळ्या लाव्हाच्या दगडात, सिलिका कमी म्हणून झिरकॉन जवळजवळ बनतच नाही. आणि उत्तर तुम्ही बघितलेल्या लाल पट्ट्यांतच आहे! एक लाव्हा थंड झाला, दुसरा यायला वेळ लागला, तेवढ्यात पहिल्याच्या डोक्यावर माती तयार झाली, मग दुसऱ्या लाव्हाने ती झाकून टाकली, तीच ही माती, भूशास्त्रात हिला रेड बोल म्हणतात. त्या मोकळ्या काळात कुठूनतरी जास्त सिलिकावाल्या ज्वालामुखीची राख ह्या मातीवर पडली आणि त्या राखेत झिरकॉन होते. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या टीमने पश्चिम घाटातून असे थर गोळा केले आणि 2015 साली दाखवलं की दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग साडेसात लाख वर्षांच्या आसपास उरकला आणि त्याची सुरुवात डायनोसॉर संपले त्याच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी झाली. 6.6 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आणि चूक काही दहा हजार वर्षांच्या हिशोबात, ही अचूकता लेझरने येत नाही, एकेक कण आम्लात धुऊन, कमकुवत भाग विरघळवून, उरलेला पूर्ण विरघळवून मोजावा लागतो. दुसऱ्या एका टीमने बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजावर आर्गॉनची पद्धत वापरली, आणि कुठला लाव्हा डायनोसॉरच्या अंताच्या आधी आणि कुठला नंतर ह्यावर दोघांचं पूर्ण जमत नाही. पण एकूण काळ दहा लाख वर्षांच्या आतबाहेरचा ह्यावर दोघांचंही एकमत आहे.

तुम्ही लोक ट्रेकला जाता तेव्हा त्या लाल पट्ट्यांवर नावं कोरू नका आणि कुणी कोरत असेल तर थांबवा, एवढं कळकळीने सांगतो. काही पट्टे हातभर जाडीचेच आहेत.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत काळे पट्टे असतात. मी डबीभर काळी वाळू आणलीय. त्यात झिरकॉन असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : डबी जपून ठेव, छान काम केलंस. तुझ्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ह्या लोह असलेल्या खनिजांची आहे, सह्याद्रीचा काळा दगड झिजून नद्यांनी आणलेली. लाटा हलकी वाळू परत ओढून नेतात आणि जड तिथेच राहते, म्हणून पट्टे होतात. बेसॉल्टमध्ये झिरकॉन नसतो हे वरच्या उत्तरात वाचलंस ना, म्हणून तुझ्या डबीत तो सापडलाच तर फार थोडा. दक्षिणेला सिंधुदुर्गात गेलीस तर तिथे काही नद्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांवरून येतात, तिथे शक्यता जास्त, आणि केरळात चवराच्या वाळूत तर झिरकॉन इतका असतो की तो खाणीसारखा काढतात.

तरी शोधायचंय ना? वाळू धुऊन वाळव. पांढऱ्या कागदावर पातळ पसर. मॅग्नेटवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळ, नाहीतर चिकटलेले कण निघता निघत नाहीत, आणि वरून फिरव. साध्या मॅग्नेटला मॅग्नेटाइट येईल, इल्मेनाइट काढायला जास्त ताकदीचा मॅग्नेट लागतो, जुन्या बंद पडलेल्या स्पीकरमधला चालतो का बघ, बाबांना बरोबर घे. मग जे उरेल ते भिंगाखाली धर. शिंपल्यांचा चुरा पांढरा आणि चपटा दिसेल, लालसर गोल कण गार्नेटचा असू शकतो, आणि एखादा बिनरंगी नाहीतर फिकट गुलाबी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, बाकीच्यांपेक्षा जास्त चमकणारा कण दिसला तर त्याचा फोटो काढून मला पाठव.